बर्नियरचे अर्धे पान

थ्रेड : एक फ्रेंच प्रवासी, हिंदुस्थानचे सौंदर्य, हिंदुस्थानचे दुखणे आणि आपले स्क्रीनशॉट

१/
इतिहासाच्या चर्चांत दोन स्क्रीनशॉट ठरावीक काळाने पुन्हा पुन्हा वर येतात. पहिल्यात एक युरोपीय प्रवासी सांगतो की, सुपीकतेचा मान मिसर देशाला नव्हे, बंगालला द्यायला हवा. दुसऱ्यात एक युरोपीय प्रवासी सांगतो की, दिल्लीत मधली स्थिती म्हणून नाहीच. माणूस एक तर बडा अमीर असतो, नाही तर हलाखीत जगतो. पहिला स्क्रीनशॉट टाकणारे आणि दुसरा टाकणारे एकमेकांशी तावातावाने भांडतात. हे दोन्ही मजकूर एकाच माणसाचे आहेत, एकाच प्रवासातले आहेत आणि पुष्कळदा एकाच पुस्तकात शेजारी बांधलेले असतात, हे मात्र त्या भांडणात कोणी सांगत नाही.

२/
तो माणूस म्हणजे फ्रान्स्वा बर्नियर. या थ्रेडमध्ये मला एकच मत मांडायचे आहे. प्रवाशाने पाहिलेले देशाचे सौंदर्य आणि त्याने पाहिलेले देशाचे दुखणे ही एकाच साक्षीची दोन अंगे असतात. त्यातले एक कापून वापरले की उरलेलेही पुराव्याच्या कामाचे राहत नाही. ही चूक मी स्वतः केलेली आहे. ती कोणती, ते पुढे सांगतो.

३/
आधी माणूस ओळखून घेऊ. जन्म १६२०, फ्रान्समधील आंजू प्रांतातला. पेशाने वैद्य, मोंपेलिएच्या विद्यापीठाचा पदवीधर. तत्त्वज्ञ गासेंदी याचा शिष्य. म्हणजे ग्रंथात लिहिले आहे एवढ्यावरून काही मानायचे नाही, डोळ्यांनी पाहायचे, हाताने चाचपायचे, या शिकवणीत वाढलेला. इजिप्तमार्गे तो सुरतेला उतरला, तेव्हा शाहजहानच्या मुलांचे वारसायुद्ध निकाली निघत आले होते. पुढची सुमारे आठ-नऊ वर्षे तो या देशात राहिला. १६६९ मध्ये फ्रान्सला परतला आणि १६७० पासून त्याचे लेखन छापून येऊ लागले.

४/
देशात पाऊल टाकताच त्याची गाठ पडली ती पराभूत दारा शुकोहशी. अजमेरजवळची लढाई हरून गुजरातच्या वाटेने पळणाऱ्या दाराने या फिरंगी वैद्याला काही दिवस आपल्याबरोबर ठेवून घेतले. पुढे दारा पकडला गेला. १६५९ मध्ये एका गलिच्छ हत्तीवर बसवून दिल्लीच्या बाजारातून त्याची धिंड काढण्यात आली, तेव्हा बर्नियर घोड्यावर बसून त्याच गर्दीत उभा होता. लोक मोठमोठ्याने रडत होते, पण दाराला सोडवायला एकही तलवार म्यानाबाहेर आली नाही, असे तो नोंदवतो. ही साक्ष मोलाची आहे, कारण लिहिणारा स्वतः तेथे हजर होता.

५/
त्यानंतर तो दानिशमंदखानाच्या पदरी राहिला. हा इराणातून आलेला विद्वान अमीर. त्याच्यासाठी बर्नियर गासेंदी आणि देकार्त फारसीत आणत असे, हार्वेने मांडलेले रक्ताभिसरण समजावून देत असे. दाराच्या पदरी राहिलेला एक संस्कृत पंडितही या बैठकीत असे. म्हणजे हा जहाजाच्या कठड्यावरून किनारा पाहून परतलेला प्रवासी नव्हे. फारसी जाणणारा, दरबाराच्या आतल्या अंगाला वावरलेला, इथल्या पगारावर जगलेला माणूस आहे. त्याच्या डोळ्यांचे सामर्थ्य त्यातच आहे आणि मर्यादाही त्यातच. शेतकऱ्याच्या ओसरीवरून नव्हे, अमिराच्या हवेलीतून तो हा देश पाहत होता.

६/
आपली नजर कशी घडते, याचे भान त्याला होते. दिल्लीविषयीच्या पत्राच्या आरंभीच तो बजावतो की, पॅरिसला जी घरे शोभतात ती दिल्लीच्या उन्हात निरुपयोगी ठरतील. तेव्हा एका शहराचे माप दुसऱ्याला लावू नये. ताजमहालाविषयी त्याने लिहिलेली गोष्ट तर फार लोभस आहे. ताज त्याला मनापासून आवडला होता, पण इतकी वर्षे इथे राहून आपली रुचीच हिंदुस्थानी तर झाली नाही ना, या शंकेने तो गप्प राहिला. फ्रान्सहून नुकताच आलेला एक व्यापारी सोबत होता. त्यानेही ताजची तोंडभरून स्तुती केली, तेव्हा कुठे याचा जीव भांड्यात पडला. स्वतःच्या कौतुकावर असा संशय घेणारे प्रवासी थोडेच.

७/
आता काश्मीर. औरंगजेबाच्या लवाजम्याबरोबर, दानिशमंदखानाच्या तैनातीत, तो तेथे गेला. पंजाबच्या उन्हाने त्याची अशी काही दशा झाली होती की, आज संध्याकाळ दिसेल की नाही याचीही त्याला खात्री वाटेना. मग डोंगर ओलांडताच सारे पालटले. एका उतारावर हिंदुस्थानातली झाडे, तर दुसऱ्या उतारावर पाइन, ओक अशी युरोपातली. आपण क्षणात फ्रान्सच्या ओव्हेर्न्य प्रांतात येऊन पडलो की काय, असे त्याला वाटले. शालिमार, अच्छबल, वेरीनाग यांची वर्णने तो भान हरपून करतो. काश्मीरला हिंदुस्थानचे नंदनवन म्हणतात ते उगीच नव्हे, असा त्याचा निर्वाळा आहे. हे तुकडे आपण हौसेने वाटतो.

८/
पण नंदनवनाची वाट कशी होती, तेही तो त्याच पत्रमालिकेत लिहितो. भिंबरपासून पुढे गाडी चालत नाही, उंट चालत नाही. सारे ओझे माणसांच्या पाठीवर. केवळ या एका सहलीसाठी तीस हजारांच्या घरात हमाल लागतील, असा त्या वेळचा अंदाज तो देतो. बर्नियरने आपला मोठा तंबू आणि बरेचसे सामान लाहोरला ठेवले होते, तरी त्या एकट्याला तीन हमाल लागले. आणि हा मोठ्या फौजेचा नव्हे, मुद्दाम कमी केलेला लवाजमा होता.

९/
पीर पंजालच्या चढणीवर अपघात झाला. जनानखान्यातल्या स्त्रियांना घेऊन हत्तींची रांग अरुंद वाटेने चढत होती. पुढचा हत्ती समोरचा चढ पाहून बिचकला आणि मागे सरला. त्याने मागच्याला ढकलले, त्या मागच्याने त्याच्या मागच्याला. पंधरा हत्ती दरीत गेले. स्त्रियांपैकी तीन-चार दगावल्या. बाकीच्या वाचल्या, पण हत्तींना वाचवण्याचा काही उपाय नव्हता. दोन दिवसांनी बर्नियर त्याच वाटेने गेला, तेव्हा खाली पडलेल्या काही हत्तींच्या सोंडा अजून हलत होत्या.

१०/
शालिमारचे कारंजे आणि त्या हलणाऱ्या सोंडा यांत थोड्याच पानांचे अंतर आहे. बर्नियर त्यांचा हिशेब मांडत नाही, कोणावर ठपका ठेवत नाही. दिसले ते लिहितो. वाचताना आपल्याला मात्र उमगते की, हे नंदनवन बादशहापर्यंत हमालांच्या पाठीवरून पोहोचत होते. काश्मीर त्यामुळे कमी सुंदर ठरत नाही. पण नुसत्या बागांचे वर्णन उचलले की हमाल गळतात, आणि नुसते हमाल उचलले की एवढ्या यातायातीचे कारण काय होते तेच कळत नाही.

११/
आता माझी चूक. एम.ए.च्या पहिल्या वर्षात असताना बर्नियरच्या बंगाल-वर्णनाचा एक तुकडा मी इथेच टाकला होता. तांदूळ इतका की दूरदूरच्या मुलखांना पुरावा, साखर, रेशीम, सुती कापड यांची लयलूट, रुपयाला वीसहून अधिक कोंबड्या. वर माझी एक ओळ : ‘आपण काय होतो, ते परक्याच्या तोंडून ऐका.’ प्रतिसाद अर्थातच भरभरून आला. त्यातला एकही शब्द खोटा नव्हता. मात्र मी ते प्रकरण शेवटपर्यंत वाचलेले नव्हते. एका अभ्यासगटात संपूर्ण पत्र वाचायची वेळ आली, तेव्हा मान खाली गेली.

१२/
कारण पुढेच तो लिहितो की, समुद्राकाठची बेटे आता ओसाड पडली आहेत. आराकानच्या राज्यात आश्रय घेतलेले फिरंगी चाचे हलक्या होड्यांतून नदीनाल्यांत शिरत, गावेच्या गावे उचलून नेत आणि माणसे गुलाम म्हणून विकत. जेथे वस्ती होती तेथे रान माजले, वाघ फिरू लागले. या चाच्यांचा बंदोबस्त केला तो आपल्याला लाल महालामुळे ठाऊक असलेल्या शायिस्ताखानाने. १६६३ मध्ये पुण्यात बोटे गमावल्यावर त्याची रवानगी बंगालच्या सुभ्यावर झाली. या फिरंग्यांना त्याने आपल्याकडे फोडले आणि १६६६ मध्ये चितगाव घेतले. सुपीक बंगाल आणि लुटला जाणारा बंगाल एकच होता. चाच्यांची नजर गेली ती त्याच्या भरलेल्या गावांवर. मी त्यातला अर्धाच बंगाल लोकांना दाखवला होता.

१३/
दुसऱ्या बाजूचे लोक हीच चूक उलट्या दिशेने करतात. त्यांचे आवडते पत्र म्हणजे फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर याला लिहिलेले. त्यात बर्नियर म्हणतो की, जगभर फिरलेले सोने-चांदी शेवटी हिंदुस्थानात येऊन गडप होते, तरीही रयत दरिद्री असते. का? तर जमिनीवर कोणाची खाजगी मालकी नाही, सारी भूमी बादशहाची. जहागीरदार आज आहे, उद्या बदलणार. मग त्याने जमीन सुधारावी कशाला? जमेल तेवढे ओरबाडायचे. शेतकरी गांजून गाव सोडतो. कारागिराला तर पुरता मोबदला मिळण्याऐवजी कोरड्याचे भय. ‘मोगल काळ म्हणजे काळोख’ सिद्ध करायला एवढे पुरते.

१४/
पण पत्र कोणाला लिहिले आहे, ते आधी पाहावे. १६६१-६२ मध्ये उत्तर फ्रान्समध्ये भीषण दुष्काळ पडला होता. चौदाव्या लुईने सारी सत्ता स्वतःच्या हाती घेतली होती आणि कोल्बेर त्याची तिजोरी भरण्याच्या मागे होता. अशा मंत्र्याला बर्नियर सांगतो की, प्रजेची मालमत्ता राजाने गिळली तर देशाची काय दशा होते, ते मी पाहून आलो आहे. देव करो आणि आपल्या राजांना ही दुर्बुद्धी न होवो. लेकी बोले सुने लागे, यातला हा प्रकार. पत्रातला हिंदुस्थान खराही आहे, आणि फ्रान्ससमोर धरलेला आरसाही आहे. आरशातल्या प्रतिमेच्या कडा जरा जास्तच ठळक दिसतात.

१५/
मग त्याचे निदान चूक की बरोबर? दोन्ही. जहागिरींच्या सततच्या बदल्या, वसुलीचा जाच, शेतकऱ्यांचे परागंदा होणे यांचे पुरावे फारसी कागदांतही मिळतात. इरफान हबीब यांच्या १९६३ च्या मोगलकालीन शेतीव्यवस्थेवरील ग्रंथात हे दुखणे तपशिलाने मांडले आहे. परंतु ‘जमिनीवर कोणाचीच मालकी नव्हती’ हे विधान टिकत नाही. उत्तरेत जमीनदारीचे हक्क विकले जात, त्यांची खरेदीखते आहेत. दख्खनचे तर आपल्याला वेगळे सांगायलाच नको. मिरासदार आपली मिरास वंशपरंपरेने भोगत होता, विकतही होता. वतनाच्या एकेका तंट्यासाठी गोतसभा बसत, महजर होत. मालकीच नसेल, तर लोक एवढ्या त्वेषाने भांडले तरी कशासाठी?

१६/
बर्नियरने जाच पाहिला, तो खरा. त्या जाचाचे कारण म्हणून त्याने जो कायदा सांगितला, तो मात्र त्याने पाहिलेला नव्हता. दरबारातून दिसणाऱ्या जहागीरदारावरून त्याने तो ताडला. इथे मला बारामुल्लाची गोष्ट आठवते. तेथील एका दर्ग्यात मोठा गोल दगड होता. अकरा मुल्ला नुसत्या बोटांच्या टोकांवर तो उचलतात, अशी ख्याती. बर्नियरला ते पटेना. त्याने ‘करामत, करामत’ असा गजर केला, रुपया दिला आणि एका मुल्लाची जागा मिळवली. नुसते बोट लावून पाहिले, तर दगड त्याच्या बाजूला कलू लागला. मग त्याने इतरांप्रमाणे गुपचूप अंगठ्याचाही जोर लावला, पुन्हा मोठ्याने करामत म्हटले आणि लोकांनी दगड मारण्याआधी तेथून पाय काढला.

१७/
दगड उचलण्याच्या बाबतीत हात लावून पाहणारा हा माणूस, जमिनीच्या मालकीच्या बाबतीत मात्र हात लावायला गेला नाही. गावच्या पाटलाला, कुळकर्ण्याला, मिरासदाराला त्याने विचारले असते, तर उत्तर वेगळे मिळाले असते. प्रवासवर्णन वाचताना मी आता हाच प्रश्न आधी विचारतो : येथे लेखकाचा हात दगडाखाली आहे, की तो दुरून बोलतो आहे? धिंडीच्या वेळी तो बाजारात होता. पीर पंजालच्या वाटेवर त्याने सोंडा पाहिल्या. सबंध देशाच्या भूमीचा मालक कोण, हे मात्र कोणत्याही एका जागी उभे राहून दिसणारे नव्हते.

१८/
ही चूक पुस्तकात पडून राहिली असती तर बिघडले नसते. ती फिरली. १७४८ मध्ये मॉन्टेस्क्यूने आपल्या कायद्यांवरील ग्रंथात ‘पूर्वेकडची हुकूमशाही’ रंगवताना बर्नियरसारख्या प्रवाशांचाच आधार घेतला. हिंदुस्थानात राहून आलेल्या आंकतील द्युपेराँने १७७८ मध्ये त्याविरुद्ध ग्रंथ लिहिला. इथे कायदा आहे, मालमत्ता आहे, असे बजावले. त्याच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. जून १८५३ मध्ये कार्ल मार्क्सने एंगल्सला लिहिलेल्या पत्रात बर्नियरचा हवाला देऊन, खाजगी जमीनमालकीचा अभाव हीच पूर्वेची किल्ली आहे, असे म्हटले. लंडनमध्ये बसलेल्या मार्क्ससारख्या विचारवंतालाही एका प्रवाशाचे अर्धे पान पुरेसे वाटले. ‘राजाच जमिनीचा मूळ मालक’ हा युक्तिवाद इंग्रजी अमलातल्या शेतसाऱ्याच्या वादांतही वारंवार वापरला गेला, आणि तो सारा भरणारे शेतकरी खरे होते.

१९/
आता आपल्या घरचे उदाहरण. सुरतेच्या १६६४ च्या स्वारीबद्दल बर्नियर लिहितो की, शिवाजी महाराजांनी कापुचिन पाद्री फादर अँब्रोज यांच्या मठाला धक्का लावू दिला नाही, आणि डचांच्या एका मृत हिंदू दलालाचे घरही सोडले. कारण तो हयातीत दानधर्म करणारा होता, असे त्यांना कळले होते. हा मजकूर आपण अभिमानाने वाटतो, आणि वाटावाही. पण बर्नियर तेव्हा सुरतेत नव्हता. तो उत्तरेत खानाच्या चाकरीत होता. ही ऐकीव हकिगत आहे. आपल्या बाजूची आहे म्हणून ती डोळ्यांनी पाहिलेली होत नाही. ऐकीव आहे म्हणून ती टाकाऊही ठरत नाही; महाराजांची कीर्ती परक्यांच्या कानी कोणत्या रूपात गेली होती, हे ती नेमके सांगते.

२०/
यावर काही मित्र म्हणतात, ‘परका, पूर्वग्रही माणूस, त्याला सोडूनच द्या की!’ हे मला मान्य नाही. त्याला सोडला, तर पीर पंजालचे हमाल कोणाच्या पानांत शोधायचे? दरबारी तवारिखांत मोहिमा आणि मनसबी मिळतात, ओझ्याखाली वाकलेली पाठ क्वचितच मिळते. आणि पूर्वग्रहाचेच म्हणाल, तर ताज आवडला म्हणून स्वतःच्या रुचीवर संशय घेणारा हा माणूस आपल्यापैकी अनेकांपेक्षा सावध होता. परक्याने स्तुती केली की त्याचे प्रमाणपत्र मिरवायचे आणि दोष दाखवला की त्याला परका म्हणायचे, या सवयीत इतिहासाचा संबंध फारसा उरत नाही. उरतो तो फक्त आपला हळवेपणा.

२१/
देशावर प्रेम असणाऱ्याने देशाचे दुखणे लपवू नये, हे आपण सहज म्हणतो. त्याची उलट बाजूही तितकीच खरी आहे : दुखणे दाखवणाऱ्याने देशाचे सौंदर्य नाकारू नये. सतराव्या शतकातला बंगालचा शेतकरी सोनेरी भाताच्या खाचरात उभा होता आणि नदीच्या वळणावर चाच्यांची होडी दिसते का, याकडेही त्याचे लक्ष होते. त्याच्यासाठी हे दोन वेगळे देश नव्हते. आपण मात्र साडेतीनशे वर्षांनंतर त्याच्या देशाचे दोन स्क्रीनशॉट करून आपापसांत वाटून घेतले आहेत.

२२/
म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी बर्नियरचा, किंवा कोणत्याही प्रवाशाचा, तुकडा समोर आला की त्याच्या आधीचे एक पान आणि नंतरचे एक पान वाचा. पत्र कोणाला लिहिले आहे ते पाहा. लेखक तेथे हजर होता का, ते विचारा. मी माझी जुनी पोस्ट काढून टाकलेली नाही. तिच्याखाली आज हा थ्रेड जोडतो आहे, म्हणजे कोंबड्यांचा भाव वाचणाऱ्याला ओसाड बेटेही सापडतील.

(थ्रेड समाप्त. चूक आढळल्यास पानासह दाखवावी, दुरुस्ती करीन.)